शिबिरातील अंथरूण : एक विचार

शाळेचे शिबिर ठरले की घरोघरी तयारीची धांदल उडते. ताट, वाटी, विजेरी, पाण्याची बाटली, पांघरूण ही यादी विद्यार्थ्यांना तोंडपाठ असते. या यादीत अंथरुणाचा क्रम बहुधा शेवटचा लागतो. 'दोन रात्रींचाच तर प्रश्न आहे, काहीही चालेल,' असे म्हणून एखादी जुनी सतरंजी पिशवीत कोंबली जाते. किंवा याच्या उलट, दुकानातील देखण्या वेष्टनास भुलून ऐपतीबाहेरची वस्तू विकत घेतली जाते. या दोन्ही चुका एकाच कारणातून उद्भवतात. अंथरुणाचे खरे कार्य कोणते, याचा विचार आपण केलेला नसतो. तो विचार येथे थोडक्यात मांडण्याचे योजिले आहे.

गेल्या डिसेंबरात खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूस, आमचे दोन रात्रींचे शिबिर झाले. पहिल्या रात्री दोन-अडीचच्या सुमारास पाहतो तो निम्मी मुले उठून विझत आलेल्या शेकोटीभोवती बसलेली! पांघरूण प्रत्येकाजवळ होते, कित्येकांजवळ दोन होती. तरीही 'पाठ गारठली' ही सर्वांची एकच तक्रार. परतल्यावर आणखी एक गोष्ट कळली आणि ती मनास अधिक लागली. आम्ही दिलेल्या यादीत 'कॅम्पिंग मॅट' असे शब्द होते. ती वस्तू घरी परवडणार नाही असे समजून एका विद्यार्थ्याने शिबिरास येण्याचेच टाळले होते. चटईवाचून कोणी शिबिरास मुकू नये, हाच प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

प्रथम पाठ का गारठते ते पाहू. उष्णता नेहमी उष्ण पदार्थाकडून थंड पदार्थाकडे वाहते. तिच्या वहनाचे गणित फ्रेंच गणितज्ञ जोसेफ फूरिये याने १८२२ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात मांडले. त्याचे सार असे की, मधला थर जितका जाड आणि जितका मंदवाहक, तितकी उष्णता कमी वाहते. स्थिर हवा ही अत्यंत मंदवाहक आहे. लोकर, कापूस, पेंढा, फोम हे पदार्थ उबदार वाटतात ते मुख्यतः त्यांच्या पोकळ्यांत अडकून राहिलेल्या हवेमुळे. आता आपण दुलईची घडी करून अंगाखाली घेतली तर काय होते? शरीराच्या भाराने ती दबते, तिच्यातील हवा निघून जाते आणि हाती राहतो तो कापसाचा एक पातळ थर. पांघरुणाने वरचा वारा अडतो; खालची जमीन अडत नाही. पांघरुणे दोन असूनही मुले का जागली, याचे उत्तर यातच आहे.

आता थोडे गणित करू. पाठीचे तापमान ३३ अंश आणि जमिनीचे १३ अंश सेल्सिअस धरल्यास फरक २० अंशांचा होतो. जमिनीस टेकणारा शरीराचा भाग ०.४ चौरस मीटर धरू. फोमची वाहकता मीटरला सुमारे ०.०४ वॅट प्रतिअंश असते. एक सेंटिमीटर जाडीचा फोम घेतला तर त्याचा रोध ०.०१ भागिले ०.०४, म्हणजे ०.२५ येतो, आणि त्यातून जमिनीत जाणारी उष्णता २० गुणिले ०.४ भागिले ०.२५, म्हणजे ३२ वॅट होते. जाडी दोन सेंटिमीटर केली की हाच आकडा १६ वर येतो. याउलट दबून तीन मिलिमीटर उरलेली सतरंजी घेतली आणि तिची वाहकता ०.०६ धरली, तर उत्तर १६० वॅट येते! झोपलेल्या प्रौढ माणसाचे शरीर सुमारे ७५ वॅट उष्णता निर्माण करते. मिळकत ७५ आणि खर्च १६०, असा हा व्यवहार आहे. प्रत्यक्षात अंगाखालची जमीन हळूहळू तापते आणि अंगावरचे कपडेही थोडा रोध करतात, त्यामुळे नुकसान इतके होत नाही. तथापि तिन्ही अंथरुणांची परस्पर तुलना त्याने बदलत नाही.

यावरून पहिला नियम निघतो : अंथरुणाची निवड त्याच्या मऊपणावरून न करता, भार पडल्यावर उरणाऱ्या जाडीवरून करावी. दुकानात याची परीक्षा सोपी आहे. चटईचा कोपरा अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये जोराने दाबावा. बोटे जवळजवळ एकमेकांस भिडली, तर ती जाडी केवळ दिखाऊ समजावी.

दुसरा नियम पाण्यासंबंधी आहे. पाण्याची वाहकता स्थिर हवेच्या सुमारे चोवीसपट असते. म्हणून ज्या फोमच्या पोकळ्या एकमेकींस जोडलेल्या असतात, म्हणजे ज्याला आपण स्पंज म्हणतो, तो दवाने किंवा जमिनीच्या ओलाव्याने भिजला की निरुपयोगी होतो. ज्याच्या पोकळ्या बंद असतात तो फोम पाणी शोषीत नाही. एक लहान तुकडा पाण्यात दाबून सोडावा आणि बाहेर काढून पिळावा. पाणी गळले, तर ती वस्तू शिबिराच्या कामाची नव्हे.

तिसरा प्रश्न वजनाचा. १८० सेंटिमीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद व एक सेंटिमीटर जाड अशा चटईचे घनफळ १०,८०० घनसेंटिमीटर होते. घनमीटरला ३० किलोग्रॅम घनतेच्या फोमची अशी चटई केवळ ३२४ ग्रॅम भरते. योगासनांसाठी मिळणारी चटई पुष्कळदा हिच्याहून पातळ असूनही कितीतरी जड असते, कारण ती पाय न घसरावा म्हणून दाट पदार्थाची केलेली असते. तिचा दोष नाही. तिचे काम निराळे आहे. वजन आणखी घटवावयाचे असल्यास चटई १२० सेंटिमीटरवर कापावी. डोक्यापासून गुडघ्यापर्यंतचा भाग तिच्यावर येईल असे निजावे आणि पायांखाली रिकामी केलेली पाठपिशवी घ्यावी. ३२४ ग्रॅमचे वजन २१६ वर येते आणि उबेत फारसे उणे होत नाही.

बाजारातील इतर वस्तूंचाही येथे विचार केला पाहिजे. हवा भरावयाच्या गाद्या आकाराने लहान होतात व मऊही असतात. परंतु साध्या गादीच्या पोटातील हवा मोकळी असल्याने ती आतल्या आत फिरते व उष्णता खाली नेते. शिवाय बाभळीचा एक काटा लागला की सारी गादी जमीनदोस्त! ज्यांच्या आत उष्णतारोधक भरण असते त्या गाद्या उत्तम असतात, पण त्यांची किंमत शालेय शिबिरास साजेशी नव्हे. चांदीसारख्या चकाकणाऱ्या पातळ पत्र्याच्या चटईविषयीही बराच गैरसमज आहे. चकाकीमुळे किरणांवाटे जाणारी उष्णता परत फिरते हे खरे; परंतु त्यासाठी चकाकत्या बाजूस हवेची फट असावी लागते. शरीर व जमीन यांच्यामध्ये दाबल्या गेलेल्या चकाकीस किरण परतविण्याची संधीच मिळत नाही. महाग चटयांवर 'आर' या अक्षरापुढे एक अंक छापलेला असतो. तो मोजण्याची एकसमान पद्धत २०१८ साली ठरविण्यात आली. त्यातील १ हा अंक म्हणजे आपल्या वरील गणितातील ०.१७६ होय. या हिशेबाने आपला एक सेंटिमीटरचा फोम सुमारे १.४ व दोन सेंटिमीटरचा २.८ भरतो. भाराने दबल्यावर तो याहून काहीसा कमी होतो.

आता ज्यांना नवे काही घेणे शक्य नाही त्यांच्यासाठी. रोधांची बेरीज होते, ही गोष्ट येथे आपल्या मदतीस येते. काचसामान व यंत्रे बांधण्यासाठी वापरला जाणारा पांढरा बंद-पोकळ्यांचा फोम दुकानांत पुष्कळदा टाकून दिलेला असतो. त्याचे दोन-तीन थर चिकटपट्टीने जोडले की चांगली चटई तयार होते. हा फोम लवकर दबतो हे खरे, पण दोन-तीन शिबिरे सहज काढतो. घरची घोंगडी असल्यास ती या फोमवर पसरावी. लोकर ओलसर झाली तरी आपली ऊब सर्वस्वी सोडीत नाही. घोंगडी जड असते, म्हणून ती अंथरूण व पांघरूण या दोन्ही कामी येईल अशा बेतानेच न्यावी. आमच्या बाजूस सुगीनंतर भाताच्या पिंजराची टंचाई नसते. मुक्काम गावाजवळ असेल तर शेतकऱ्याची परवानगी घेऊन पिंजराचा वीतभर थर पसरावा व त्यावर ताडपत्री घालावी. पिंजर आधी काठीने उलथून विंचू-किड्यांची खात्री करून घ्यावी, शेकोटी दूर ठेवावी आणि सकाळी ते जसेच्या तसे परत करावे. ते गुरांचे अन्न आहे, हे विसरू नये. साधी प्लॅस्टिकची चटई ओल अडविते, ऊब देत नाही. म्हणून तिचे स्थान सर्वांत खाली, जमिनीलगत असावे.

जागेची निवड हाही अंथरुणाचाच एक भाग समजावा. थंड हवा जड असल्याने ती रात्री सखल भागात साचते. नदीकाठचा खोलगट भाग सोडून थोड्या उंचावर, कोरड्या जमिनीवर निजल्यास कोणताही खर्च न होता लाभ होतो.

सारांश, जाडी दाबून पाहावी, फोम पाण्यात बुडवून पाहावा, वजन तराजूवर करून पाहावे आणि किंमत सर्वांत शेवटी विचारावी. या क्रमाने गेल्यास स्वस्त वस्तूच पुष्कळदा योग्य ठरते, असा अनुभव येईल. आम्हीही आमची चूक सुधारली आहे. येत्या शिबिराच्या यादीतून 'कॅम्पिंग मॅट' हे शब्द काढून टाकले असून त्यांच्या जागी असे लिहिले आहे : 'दोन सेंटिमीटर जाडीचे, पाणी न शोषणारे कोणतेही अंथरूण, घरी केलेले चालेल. नसल्यास शाळेत या, आपण मिळून करू.'