जेवण कुठून चढणार?

गाडीत जेवणाची ऑर्डर घ्यायला माणूस आला, की भाजी कोणती हे मी विचारत नाही. ‘जेवण कुठून चढणार आणि किती वाजता?’ एवढंच विचारते. तो आधी चमकतो, मग बहुतेक वेळा स्टेशनचं नाव सांगतो. नाव न सांगता नुसतंच ‘एकदम गरम है मॅडम’ म्हणाला, तर मी घरचा डबा उघडते.

मुलगी दिल्लीला असल्यामुळे त्या मार्गावर माझी ये-जा असते. एका मे महिन्यात मावशी सोबत होती. वय सत्तरीच्या पुढे, दोन्ही जेवणांआधी इन्सुलिन. एकच्या सुमाराला वेटर म्हणाला, ‘पंधरा मिनिटांत आणतो.’ मावशीने इंजेक्शन घेतलं. गाडी मात्र पुढच्या जंक्शनच्या अलीकडे आउटरला थांबली, ती हलेचना. आमचं जेवण त्या जंक्शनवर चढायचं होतं. गाडीत होती ती फक्त वाटणारी माणसं. बघता बघता मावशीला दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले आणि ती मला माझ्या आईच्या नावाने हाक मारायला लागली. समोरच्या बर्थवरच्या मुलाकडे आंब्याच्या रसाचं खोकं होतं, ते तिला पाजलं. थोड्या वेळाने ती माणसात आली. थाळ्या आल्या तेव्हा तीन वाजून गेले होते.

घरात मधुमेही माणूस असेल तर हे लिहून ठेवा: गाडीत जेवणाआधीचं इन्सुलिन घ्यायचं ते ताट प्रत्यक्ष हातात आल्यावर, वेटरच्या शब्दावर नाही. साखर किंवा ग्लुकोज सीटवरच्या पिशवीत हवं, बर्थखालच्या बॅगेत नको. प्रवासातल्या डोसबद्दल निघण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्या.

आमच्या लहानपणीही जेवण पुष्कळदा स्टेशनवरूनच चढे. कानाला पेन्सिल लावलेला माणूस ऑर्डर लिहून नेई, पुढच्या मोठ्या स्टेशनवर खणांची स्टीलची ताटं चढत आणि त्याच्या पुढच्या स्टेशनवर खरकटी उतरत. डाळ पाणीदार असे, पण आचारी आणि आपण यांच्यात एखाद-दोन स्टेशनांचंच अंतर. पँट्री कार असलेल्या गाड्यांत तर फोडणीचा वास डब्यात आधी येई. पुढे आगीच्या भीतीने गाडीतल्या ज्योतीवरचा स्वयंपाक कमी होत गेला. २०१७ च्या धोरणाने स्वयंपाक आणि वाटप ही दोन कामंच वेगळी केली. मोठी बेस किचन्स उभी करायची, तिथे पॅकबंद करायचं, गाडीत फक्त वाटायचं. स्वच्छतेच्या दृष्टीने हे चांगलंच झालं, असं माझं मत आहे. पँट्रीतली झुरळं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना मी वेगळं काय सांगू? पण या व्यवस्थेत घड्याळाला फार महत्त्व आलं. गाडी वेळेवर असेल तर जेवण बरं लागतं. ती तीन तास उशिरा असेल तर तेच जेवण झाकणाखाली घामेजून बसतं.

म्हणून उन्हाळ्यात रखडलेल्या गाडीत पनीर, अंडाकरी, बिर्याणी यांच्या वाटेला जाऊ नये. हल्ली पाकिटांवर क्यूआर कोड येऊ लागले आहेत; त्यात किचनचं नाव आणि पॅकिंगची तारीख दिसते. फोन काढून एकदा बघायला काय जातं?

दरांचं थोडं सांगते, कारण फसगत तिथेच जास्त होते. मेल-एक्सप्रेसमध्ये साध्या शाकाहारी थाळीचा दर ८० रुपये आहे आणि तिच्यात काय असावं तेही ठरलेलं आहे: भात, डाळ, भाजी, दोन पराठे किंवा चार चपात्या, ८० ग्रॅम दही आणि लोणचं. मला एका गाडीत ‘साधी थाळी संपली, पनीरवाली आहे’ म्हणून १५० रुपये मागितले. बिल मागितल्यावर मशीन बिघडलेलं निघालं आणि पाच मिनिटांत साधी थाळीही निघाली, दह्यासकट. रेल नीरची एक लिटरची बाटली सप्टेंबर २०२५ पासून १४ रुपयांना आहे. वरचे पैसे सुटे नाहीत म्हणून सोडायचे नसतात. बिल नाही तर पैसेही नाहीत, हे रेल्वेनेच जाहीर केलेलं आहे. ते शांतपणे म्हणावं, आवाज चढवू नये. वाढणारा पोरगा बहुधा कंत्राटदाराच्या हाताखालचा असतो, दर त्याने ठरवलेला नसतो.

राजधानी, वंदे भारतसारख्या गाड्यांत तिकीट काढतानाच जेवण हवं की नको ते निवडता येतं. तेव्हा नको म्हणून नंतर मागितलंत तर चहा-कॉफी सोडून प्रत्येक वेळी ५० रुपये जास्त पडतात.

ई-केटरिंगवरून हॉटेलचं जेवण सीटवर येतं, ही खरी सोय. फक्त ते अधिकृत अ‍ॅपवरूनच मागवावं, कारण तशाच नावाची बनावट अ‍ॅप्सही असतात. गाडी दोनच मिनिटं थांबते ते स्टेशन न निवडता मोठं जंक्शन निवडावं. मी तर पैसे जेवण हातात आल्यावरच देते.

टेबल-खुर्चीवर बसून जेवायची हौस असेल तर डेक्कन क्वीनची डायनिंग कार अजून आहे, पण ती मुंबई-पुण्यापुरती. आणि लांबच्या प्रवासात पोटभर, तेही फुकट जेवायचं असेल तर नांदेड-अमृतसर सचखंड एक्सप्रेस! वाटेतल्या स्टेशनांवर शीख सेवेकरी लंगरचं जेवण घेऊन उभे असतात. ताट-वाटी मात्र आपली न्यावी.

तक्रार करायची तर गाडी चालू असतानाच करा. १३९ ला फोन लावा किंवा रेल मदद अ‍ॅपवर पीएनआर, डबा-सीट, वेळ आणि थाळीचा फोटो टाका. घरी पोचल्यावर लिहिलेल्या लांबलचक पत्राने त्या दिवशीचं ताट बदलत नाही. चालू गाडीतल्या तक्रारीवर पुढच्या स्टेशनवर माणूस चौकशीला आलेला मी पाहिला आहे.