दूरच्या नेमासाठी रेटिकल कसे निवडावे?



एनसीसीच्या .२२ रायफलने २५ मीटरवर ग्रुपिंग करताना जिथे नेम धरतो, तिथेच गोळी लागते. त्यामुळे गोळी सरळ रेषेत जाते असा आपला समज होतो. प्रत्यक्षात नळीतून सुटल्या क्षणापासून गोळी खाली पडू लागते. अंतर वाढले की हा घसरा दिसू लागतो आणि मग नेम लक्ष्याच्या वर धरावा लागतो. यालाच होल्डओव्हर म्हणतात. हे ‘वर’ म्हणजे नेमके किती, ते दुर्बिणीच्या आतली खुणांची जाळी सांगते. या जाळीला रेटिकल म्हणतात.

जुने शिकारी आणि आपण

बोम्मसंद्र्याहून होसूर रस्त्याने दक्षिणेला गेले की जी जंगले लागतात, त्या भागात बंगळूरचे केनेथ अँडरसन शिकार करीत. त्यांची आवडती रायफल .४०५ विंचेस्टर. दाट रानात जनावर दिसायचेच जवळ, त्यामुळे साध्या माशीवर काम भागत असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडची शिकार थांबली. शिकाऱ्यांचा एक नियम मात्र आजही शिकण्यासारखा आहे : खात्री नसेल तर घोडा ओढू नये, कारण चुकलेल्या गोळीचे दुःख जखमी जनावर भोगते.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक जिंकले. त्या स्पर्धेत दुर्बीण चालत नाही आणि अंतरही ठरलेले असते. म्हणून तिथे होल्डओव्हरचा प्रश्नच येत नाही. अंतर बदलते असेल, तेव्हाच रेटिकलची निवड महत्त्वाची ठरते.

मिल म्हणजे काय?

मिल हे कोनाचे माप आहे. १ मिल म्हणजे १०० मीटरवर १० सेंटिमीटर, ३०० मीटरवर ३० आणि ५०० मीटरवर ५० सेंटिमीटर. दुसरे माप एमओए. १ एमओए म्हणजे १०० मीटरवर सुमारे २.९ सेंटिमीटर. मीटरमध्ये विचार करणाऱ्या आपल्याला मिल सोपे पडते.

७.६२ × ५१ मिलिमीटरची, १७५ ग्रेन वजनाची, साधारण ७९० मीटर प्रतिसेकंद वेगाने सुटणारी गोळी घेऊ. रायफल १०० मीटरवर झिरो केली असेल, तर वर धरण्याचे ढोबळ आकडे असे :

३०० मीटर – १.५ मिल
४०० मीटर – २.६ मिल
५०० मीटर – ३.८ मिल
६०० मीटर – ५.२ मिल

४०० मीटरवर मधल्या फुलीऐवजी २.६ मिलची खालची जागा लक्ष्यावर आणायची. तसे करताना नळी आपोआप वर उचलली जाते. आकडे सारख्या टप्प्याने वाढत नाहीत, हेही पाहा. गोळीचा वेग कमी होत जातो, म्हणून प्रत्येक पुढच्या १०० मीटरला घसरा जास्त.

रेटिकलचे प्रकार

१. साधी फुली. स्वच्छ दिसते, नजर अडत नाही. ठरलेल्या अंतरासाठी उत्तम. पण वर धरायचे तर अंदाज नजरेचा.

२. ठरावीक काडतुसाच्या खुणा. ‘ही रेघ ३०० ची, ही ४०० ची’ अशी सोय. वापरायला झटपट. पण गोळी बदलली की खुणा चुकतात. हवा बदलली तरी चुकतात. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच. इथे हवा विरळ, म्हणून घसरा कमी. समुद्रकिनाऱ्यावर जुळवलेल्या खुणांनी इथे गोळी थोडी वर लागेल.

३. मिलच्या रेघा. कोणत्याही गोळीला चालतात, मात्र आपला तक्ता पाठ हवा. अंतरही मोजता येते : लक्ष्याची उंची मीटरमध्ये गुणिले १०००, भागिले मिल. १ मीटर उंचीचा फलक २.५ मिल दिसला, तर अंतर ४०० मीटर.

४. झाडासारखी जाळी. खाली जाताना आडव्या खुणा रुंदावत जातात, त्यामुळे घसरा आणि वारा एकदम धरता येतो. मात्र नवख्याला गर्दी वाटते.

आपल्या लष्करातील ड्रॅगुनोव्ह रायफलची पीएसओ-१ दुर्बीण अभ्यासण्यासारखी आहे. तिच्यात डाव्या बाजूला खाली १.७ मीटर उंचीच्या माणसावर आधारलेली अंतर मोजण्याची वक्र रेषा आहे. १००० मीटरपर्यंतचे अंतर वरच्या चकतीवर लावायचे आणि त्यापुढे १३०० पर्यंत खालच्या तीन बाणांनी नेम धरायचा. आता आपल्याच बंगळूरच्या एसएसएस डिफेन्सने वायपर आणि सेबर या लांब पल्ल्याच्या रायफली तयार केल्या आहेत. त्यामुळे हा विषय आपल्या दाराशी आला आहे.

सर्वांत मोठी फसगत

काही दुर्बिणींत झूम बदलला की रेटिकलही लहानमोठे होते. हा पहिला प्रतल. त्यात खुणांची किंमत कायम राहते. दुसऱ्या प्रतलात रेटिकल तेवढेच दिसते, म्हणून खुणा एकाच झूमवर खऱ्या असतात.

ही चूक मी स्वतः केली आहे. दुर्बीण ४ ते १६ पटीची, खुणा १६ पटीवर खऱ्या. ऊन तापल्यावर चित्र थरथरू लागले, म्हणून मी झूम ८ वर आणला आणि ३०० मीटरवर नेहमीप्रमाणे १.५ ची खूण धरली. ८ पटीवर ती खूण ३ मिलची झाली होती. गोळी ४५ सेंटिमीटर वर, फलकावरून निघून गेली. मी वाऱ्याला दोष दिला. शेजारी बसलेल्या उस्तादांनी फक्त झूमच्या कड्याकडे बोट दाखवले. मागे मातीचा उंच बांध होता म्हणून निभावले.

मग निवड कशी करावी?

अंतर ठरलेले असेल तर साधी फुली. एकच रायफल, एकच काडतूस आणि मध्यम पल्ला असेल तर ठरावीक खुणा, पण आपल्या रेंजवर तपासून घेतलेल्या. अंतर आणि झूम दोन्ही बदलणार असतील तर पहिल्या प्रतलातील मिलच्या रेघा. त्या कमी झूमवर बारीक दिसतात, म्हणून घेण्याआधी सकाळच्या अंधुक उजेडात पाहा. चकतीही मिलचीच हवी. रेटिकल मिलचे आणि चकती एमओएची असली की ऐन वेळी गणित चुकते.

आणि लक्षात ठेवा, उत्तम रेटिकल चुकीचे अंतर दुरुस्त करीत नाही. वरचाच फलक २.५ ऐवजी २.२ मिल वाचला, तर अंतर ४५५ मीटर निघते. त्यासाठी ३.३ मिल धराल आणि गोळी सुमारे २८ सेंटिमीटर वर जाईल. वाचनात शंका असेल तर पुन्हा मोजा. तरीही शंका राहिली तर बोट घोड्यावरून काढा. त्यात कमीपणा नाही.

स्वाध्याय

१. ०.५ मीटर उंचीची पाटी १ मिल दिसते. अंतर किती?
२. वरील तक्त्यावरून ३५० मीटरसाठी अंदाजे किती मिल धराल?
३. दुसऱ्या प्रतलाच्या दुर्बिणीत खुणा २४ पटीवर खऱ्या आहेत. १२ पटीवर २ ची खूण किती मिलची होईल?

उत्तरे : ५०० मीटर, सुमारे २ मिल, ४ मिल.