नोटीस न देता नोकरी सोडू का?

प्रश्न : ऑफिसच्या ताणाने झोप उडाली आहे. नवी कंपनी 30 दिवसांत रुजू व्हा म्हणते, इथली नोटीस 90 दिवसांची. उद्यापासून जाणंच बंद करू का?

उत्तर : तसं मुळीच करू नका, रिलीव्हिंग लेटर अडकेल. आधी नवं ऑफर लेटर हातात घ्या. मग जुन्या नेमणूकपत्रातलं नोटीसचं कलम नीट वाचा. उरलेल्या दिवसांचा पगार भरून सुटता येत असेल, तर ती रक्कम नवी कंपनी देईल का, हे निःसंकोच विचारा; कित्येक कंपन्या देतात. राजीनामा ईमेलनेच द्या, दोन ओळींत, शेवटच्या दिवसाच्या तारखेसह. साहेबांबद्दलची तक्रार त्यात नको. पीएफ काढू नका, ट्रान्सफर करा. झोपेसाठी मात्र डॉक्टरांना आत्ताच भेटा.