बरं वाटतंय, मग गोळी बंद करू का?

प्रश्न : डॉक्टरसाहेब, माझ्या वडिलांना सीएमएल हा रक्ताचा कर्करोग आहे. चार वर्षांपासून इमॅटिनिबची गोळी रोज चालू आहे. आता रिपोर्ट चांगले येतात, वडील शेतातही जातात. गोळी बंद केली तर चालेल का?
– एक वाचक, बोदवड

उत्तर : दादा, आपल्या मनाने बंद करू नका. वडील शेतात जातात ते त्या गोळीच्या जोरावरच.

विहिरीवरच्या मोटारीला जसा स्टार्टर, तशी पेशीत प्रोटीन कायनेज नावाची प्रथिने असतात. माणसात पाचशेहून जास्त. वाढीचा निरोप आला की कायनेज एटीपी या पेशीतल्या ऊर्जेच्या रेणूकडून फॉस्फेट घेऊन पुढच्या प्रथिनावर चिकटवते. ते जागे झाले की त्याच्या पुढचे जागे होते. निरोप असा हातोहात केंद्रकात पोचतो आणि पेशी वाढवणारी जनुके सुरू होतात. काम झाले की फॉस्फेट काढले जाते, मोटार बंद होते.

सीएमएलमध्ये 9 आणि 22 क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन बीसीआर-एबीएल नावाचे कायनेज तयार होते. हा स्टार्टर चिकटलेला. मोटार रात्रंदिवस चालूच. एरवी 4 ते 11 हजार असणाऱ्या पांढऱ्या पेशी लाखावर जातात, पाणथरी सुजून डाव्या बरगडीखाली जड वाटते. इमॅटिनिब या कायनेजमधल्या एटीपीच्या खाचेत जाऊन बसते, म्हणजे फ्यूज काढून ठेवल्यासारखे. पण स्टार्टर दुरुस्त झालेला नसतो. गोळी थांबली की फ्यूज पुन्हा जागेवर.

काही रुग्णांची गोळी अनेक वर्षांनी थांबवता येते. पण रिपोर्ट दीर्घकाळ अतिशय उत्तम असतील तरच, आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखाली. त्यांतही साधारण निम्म्यांत आजार परततो.

तोवर एवढे पाळा :

• गोळी जेवणासोबत, मोठा ग्लासभर पाण्याबरोबर घ्या.
• एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या घेऊ नका.
• बीसीआर-एबीएलची पीसीआर तपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा कराच. नुसत्या सीबीसीवर विसंबू नका.
• मळमळ, पायात गोळे, डोळ्यांभोवती सूज आली तर डॉक्टरांना सांगा. त्यावर उपाय आहेत.
• टीबीची किंवा फिटची औषधे सुरू होणार असतील तर आधी विचारा. काहींमुळे गोळीचा असर घटतो.

अडचण पैशांची असेल तर तीही मोकळेपणाने बोला. सर्वोच्च न्यायालयाने 1 एप्रिल 2013 रोजी या औषधाच्या पेटंटचा दावा फेटाळला, त्यामुळे भारतात स्वस्त जेनेरिक गोळ्या मिळत राहिल्या. सरकारी योजनेत उपचार बसतो का, तेही रुग्णालयात विचारा. पुढच्या तपासणीला वडिलांसोबत तुम्हीही जा आणि हाच प्रश्न तिथे विचारा.