'द डेव्हिल्स अरिथमेटिक' : आठवणींचा हिशोब



आखाजीला आपल्याकडे घागर भरतात. आजोबा आगारी टाकताना गेलेल्या माणसांची नावं घेतात आणि आपलं लक्ष मात्र झोक्याकडे. "झालं का आता?" असं मनात कितीजण म्हणतात? खरं सांगा! आजच्या कादंबरीची नायिका अगदी हेच म्हणते.

लेखिका व पार्श्वभूमी

अमेरिकन लेखिका जेन योलेन यांची ही इंग्रजी कादंबरी १९८८ मध्ये प्रसिद्ध झाली. हिटलरच्या नाझी राजवटीने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुमारे ६० लाख ज्यू लोकांची पद्धतशीर हत्या केली. त्यात सुमारे १५ लाख मुलं होती. या संहाराला 'होलोकॉस्ट' म्हणतात.

कथानक

हॅना बारा वर्षांची, तेरावं लागत आलेलं. वल्हांडण सणाला घरच्यांसोबत आजी-आजोबांकडे जायचं तिच्या जिवावर येतं. विल आजोबांच्या हातावर छावणीत गोंदलेला आकडा आहे. लहानपणी त्यांना खूश करायला हॅनाने पेनने स्वतःच्या हातावर तसेच आकडे काढले होते. आजोबा किंचाळले. का, ते तिला कळलंच नाही.

सणाच्या रात्री एलिया संदेष्ट्यासाठी दार उघडायची प्रथा असते. हॅना दार उघडते आणि समोर १९४२ सालचं पोलंडमधलं गाव! तिथे सगळे तिला 'खाया' म्हणतात. खाया म्हणजे जीवन. पुढे काय होणार हे तिला एकटीला माहीत असतं. पण तिचं ऐकतो कोण? सगळ्यांची रवानगी छावणीत होते. तिथे केस कापले जातात आणि तिची पूर्वीची आठवणही पुसली जाते.

रिवका नावाची दहा वर्षांची मुलगी तिला जगायला शिकवते. आपल्या हातावरच्या प्रत्येक आकड्याला रिवकाने अर्थ दिलाय. एक आकडा स्वतःसाठी, एक घरातल्या माणसांसाठी, एक उरलेल्यांसाठी. नाझींनी माणसाचा आकडा केला, तिने आकड्यात माणसं परत आणली. शीर्षकातलं गणित समजायला हा प्रसंग नीट वाचा.

शेवटी रिवकाला मारायला नेणार असतात, तेव्हा तिच्या जागी खाया जाते. पुढच्या क्षणी हॅना परत आपल्या दारात! समोर ईवा आत्या आणि त्यांच्या हातावर तोच आकडा. रिवका म्हणजेच ईवा आत्या.

छावणी काल्पनिक आहे, पण आकडे गोंदणं, केस कापणं, विषारी वायूने मारणं हे सगळं खरोखर घडलेलं आहे.

आपल्या मातीशी नातं

ज्या एलियासाठी हॅना दार उघडते, त्याच्याच नावाने कोकणातले बेने इस्रायली ज्यू 'मलिदा' करतात. त्यात पोहे, खोबरं, फळं असतात. अलिबागजवळच्या खंडाळ्याला त्याच्या रथाच्या खुणा आहेत, अशी त्यांची श्रद्धा. तेलाचे घाणे चालवणारे हे लोक शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून गाव त्यांना 'शनिवार तेली' म्हणे. बोली मराठी, आडनावंही पेणकर, रोहेकर अशी. ते इथे पिढ्यान्‌पिढ्या निर्धास्त राहिले. संदेष्टा तोच, धर्म तोच. फरक होता तो शेजाऱ्यांच्या आणि राज्यकर्त्यांच्या वागण्यात.

आपण काय घ्यावं?

माझे आजोबा ७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जायचे. सांगायला लागले की "बाबा, तेच तेच काय?" म्हणून मी उठून जायचो. दुष्काळ आणि होलोकॉस्ट यांची बरोबरी होत नाही, करूही नये. पण उठून जाणारा मुलगा तोच आहे. आता आजोबा नाहीत. ते कोणत्या कामावर होते, घरी कोण उपाशी झोपलं, मला सांगता येत नाही. हॅनाला परत येऊन आत्याचा हात धरता आला. आपल्याला ती संधी फक्त माणूस आहे तोवरच असते.

कृती

१. रिवका आकड्यांना अर्थ का देते? पाच-सहा ओळींत लिहा.
२. 'हॅनाने दार उघडलं नसतं तर...' कल्पनाविस्तार करा.
३. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला एकच प्रश्न विचारा. मध्ये बोलू नका. ऐकलेलं त्यांच्याच शब्दांत लिहा, खाली त्यांचं नाव, गाव आणि साल लिहा. हे मार्कांसाठी नाही. वही जपून ठेवा.