नव्वद दिवसांआधी सुटायचं असेल तर

हिंजवडी-खराडीतल्या बऱ्याच आयटी कंपन्यांत नोटीस पिरियड ९० दिवसांचा असतो आणि नव्या कंपनीला माणूस तीस दिवसांत हवा असतो. मधले साठ दिवस कसे मिटवायचे, त्याची ही कृती.

राजीनामा टाइप करण्याआधी अपॉइंटमेंट लेटर काढा आणि नोटिशीचं कलम शब्द न् शब्द वाचा. ‘नोटीस किंवा तेवढ्या दिवसांचा पगार’ एवढंच लिहिलं असेल तर पैसे भरून निघता येतं. पुढे ‘कंपनीच्या मर्जीनुसार’ अशा अर्थाची शेपटी असेल, तर पैसे तयार असले तरी कंपनीचा होकार लागतो. वसुली बेसिकवर की ग्रॉसवर, तेही तिथेच पाहा. समजा ग्रॉस ६०,००० आणि बेसिक ३०,००० आहे. नव्वदपैकी तीस दिवस भरले आणि शिल्लक रजेतले बारा दिवस वळते करून मिळाले, तर उरतात ४८. ग्रॉसने ९६,००० रुपये जातात, बेसिकने ४८,०००. जॉइनिंग बोनस परत करायची अट असेल तर तो या बेरजेत धरा. पाच वर्षं पूर्ण व्हायला थोडेच दिवस उरले असतील, तर मात्र सरळ थांबा. कायम नोकरीत ग्रॅच्युइटी सहसा पाच वर्षांनी लागू होते, आणि ती रक्कम नव्या कंपनीच्या घाईपेक्षा मोठी असते.

आता नव्या कंपनीशी बोला. बायआउट, म्हणजे नोटिशीपोटी भरावी लागणारी रक्कम, देणार का, किती आणि कधी, हे ऑफर स्वीकारण्याआधी मेलवर घ्या. सहसा ही रक्कम आधी तुमच्या खिशातून जाते, रुजू झाल्यावर परत मिळते आणि त्यावर करही कापला जातो. जॉइनिंगची पक्की तारीख इतक्यात देऊ नका.

मग मॅनेजर. आधी तोंडी सांगा, त्याच दिवशी मेल टाका आणि पोर्टलवरही नोंद करा, कारण दिवस तिथून मोजले जातात. घरच्या आजारपणाच्या गोष्टी रचू नका. त्या एचआरने शेकड्याने ऐकलेल्या असतात. मेल लहान हवा: ‘मी आज राजीनामा देत आहे. माझा शेवटचा दिवस अमुक तारखेला धरावा, ही विनंती. उरलेल्या दिवसांत रजा वळती करावी आणि बाकीची रक्कम नियमाप्रमाणे कापावी. हस्तांतराचा तक्ता सोबत आहे.’ ‘शक्य तितक्या लवकर’ असं लिहिलंत की तारीख कंपनी ठरवते.

खरं वजन त्या तक्त्यात आहे. मॅनेजर अडवतो तो बहुतेक वेळा रागाने नाही. तुमचं काम कोण करणार हे त्याला माहीत नसतं. म्हणून एका एक्सेल शीटमध्ये पाच रकाने करा: काम, सध्याची स्थिती, फायली कुठे आहेत, कुणाकडे सोपवलं, आणि त्याने ते एकट्याने कधी केलं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. केटीच्या, म्हणजे काम समजावून देण्याच्या, दहा मीटिंगा घेतल्याने कुणाची खात्री पटत नाही. पुढचं रिलीज सहकाऱ्याला करू द्या, तुम्ही शेजारी गप्प बसा, आणि ती तारीख रकान्यात भरा. तीन-चार ओळी अशा भरल्या की तारखेची चर्चा सोपी होते.

तरीही नकार आला तर? स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट, १९६३ नुसार कोर्ट तुम्हाला त्या खुर्चीत जबरदस्तीने बसवू शकत नाही. कंपनी भरपाई मागू शकते, आणि करार कायद्याच्या कलम ७४ नुसार तीही वाजवीच असावी लागते. पण हे मॅनेजरच्या तोंडावर फेकायचं हत्यार नव्हे. एचआरकडे लेखी दाद मागा, दोन-तीन आठवडे जास्त देऊ करा. लॅपटॉप ठेवून गायब होण्याचा मार्ग मी कुणालाच सुचवणार नाही. रेकॉर्डवर ‘अबस्कॉन्डिंग’ लागतं, रिलीव्हिंग लेटर अडकतं आणि पुढच्या बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनला तेच निघतं.

शेवटची तारीख मान्य केल्याचा मेल हातात आला की मगच नव्या कंपनीला दिवस कळवा. लॉगिन बंद होण्याआधी पगाराच्या स्लिपा आणि फॉर्म १६ उतरवून घ्या. कंपनीची एकही फाइल स्वतःच्या मेलवर पाठवू नका. लॅपटॉप आणि ओळखपत्र दिल्याची पोच घ्या. ग्रुप मेडिक्लेम बहुधा त्याच दिवशी संपतो, तेव्हा मधल्या दिवसांची सोय आधीच पाहा. फुल अँड फायनलचा कागद आला की दिवस स्वतः मोजा. नोटिशीच्या वसुलीवर जीएसटी लावलेला दिसला तर हरकत घ्या. तो लागत नाही, असं केंद्राच्या ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात स्पष्ट आहे.

राहिला पीएफ. ईपीएफओच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख चढली का ते बघा. कंपनीने ती भरली नसेल तर दोन महिन्यांनी तुम्हाला स्वतःच भरता येते.