भर समुद्रात पिण्याचे पाणी

१९६६ साली जॉन रिजवे आणि चे ब्लाइथ या दोघा ब्रिटिश सैनिकांनी सुमारे सहा मीटर लांबीच्या उघड्या होडीतून, वल्ही मारीत अटलांटिक महासागर ओलांडला. ४ जूनला अमेरिकेतील केप कॉडहून निघालेले हे दोघे ३ सप्टेंबरला आयर्लंडच्या इनिशमोर बेटावर पोहोचले. अशा प्रवासात एकाने वल्हवायचे तेव्हा दुसऱ्याने झोपायचे, असे रात्रंदिवस चालते. घाम निथळतो, तहान लागते. मग वाकून समुद्रातूनच ओंजळ भरून घेतली तर?

हिशोब करून पाहा. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. आपली मूत्रपिंडे एक लिटर मूत्रावाटे फार तर २० ग्रॅमच्या आसपास मीठ बाहेर टाकतात. म्हणजे प्यायलेल्या एका लिटरमधील मीठ घालविण्यास पावणेदोन लिटर मूत्र हवे! वरचे पाऊण लिटर पाणी शरीरातूनच जाणार. पिणारा उलट अधिकच शुष्क होतो.

आजच्या होड्यांवर सूर्यप्रकाशापासून मिळणाऱ्या विजेवर चालणारे लहान यंत्र असते. अर्धपार्य पटलाच्या एका बाजूस गोडे व दुसऱ्या बाजूस समुद्राचे पाणी असेल, तर गोडे पाणी खाऱ्याकडे जाते. हेच परासरण. हा ओघ थोपविण्यास खाऱ्या पाण्यावर वातावरणाच्या सुमारे २७ पट दाब द्यावा लागतो. त्याहून बराच अधिक दिला, की ओघ उलटतो व गोडे पाणी मिळू लागते.

यंत्र बिघडले तर? त्यासाठी हातपंपही बरोबर घेतात. दिवसभर वल्हवून झाल्यावर तो हापसत बसणे काही सुखाचे नसते!